रेकॉर्ड धुतल्यावर चरचर वाढली! काय चुकलं?

प्रश्न
वडिलांच्या पेटीतून चाळीसेक एलपी (मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या रेकॉर्ड) आणि सात-आठ ७८ (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्ड) माझ्याकडे आल्या. एलपी लावली की पत्र्यावर पाऊस पडावा तसा आवाज. म्हणून एक नळाखाली धरून साबणाने धुतली, पंख्याखाली वाळवली. आता पूर्वीपेक्षा जास्त चरचरते. त्याआधी एका ७८ला स्पिरिट लावलं होतं, तर रुमालावर काळं उतरलं आणि चकाकीच गेली. आता हात लावायची भीती वाटते.

उत्तर १
७८ बहुतेक लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. ती गेली, सोडून द्या. बाकीच्यांना स्पिरिट दाखवूही नका.

एलपीचं मात्र इतकं बिघडलेलं नाही. धुताना खाचेतली घाण सैल झाली, पण निघाली नाही. ती आणि नळाच्या पाण्यातले क्षार तिथेच वाळले. पुन्हा धुवा, या वेळी डिस्टिल्ड वॉटरने. मऊ ब्रश खाचेच्या दिशेनेच गोल फिरवा, आडवा नको. मधलं लेबल कोरडं ठेवा. नंतर स्वच्छ डिस्टिल्ड पाण्याने दोनदा तरी खळखळून काढा. खरं काम या खळबळण्यातच आहे, आणि आपण सगळे तिथेच कंटाळतो. उभी करून वाळवा आणि नव्या आतल्या पाकिटात घाला. जुन्या कागदात घातलीत तर धूळ परत तिथूनच.

उत्तर २
त्याआधी डोळे मिटून ऐका. ३३⅓च्या वेगाला एक फेरा १.८ सेकंदांचा. टक... टक... असा बरोबर तेवढ्या अंतराने आवाज आला तर तो ओरखडा, धुऊन जाणार नाही. वेळीअवेळी चुटचुट असेल तर धूळ किंवा स्थिर वीज. आणि गाणं चढलं की आवाज फाटत असेल, तर खाच झिजली आहे, त्याला इलाज नाही.

सुई भिंगाखाली बघितलीत का? माझ्या सुईला राखाडी गोळा चिकटला होता आणि मी महिनाभर रेकॉर्डना दोष देत बसलो! सुई मागून पुढेच झाडायची. काही जण रेकॉर्ड जपायला सुईचं रेकॉर्डवर पडणारं वजन कमी करतात. तसं केलं तर सुई खाचेत आपटत जाते आणि उलट जास्त खरवडते. कार्ट्रिजबरोबरच्या (सुई बसवलेल्या भागाबरोबरच्या) कागदावर असेल तेवढं वजन ठेवा. आणि ७८ एलपीच्या सुईने वाजवू नका, तिला साधारण तिप्पट जाड टोकाची सुई लागते.

प्रश्नकर्ता
दोनदा खळबळली. पाऊस थांबला, आता अधूनमधून एखादा थेंब. एक टक राहिलीय, घड्याळ लावून मोजली: १.८! प्रकाशात तिरकी धरल्यावर केसाएवढी रेघ दिसली. सुईलाही गोळा होताच. आता एक मोनो (स्टिरिओ नसलेली, एकाच चॅनलची) एलपी आहे, ती अजून खसखसते.

उत्तर २
अॅम्प्लिफायरवर मोनोचं बटण आहे? दाबा. मोनो खाचेत गाणं फक्त आडव्या हालचालीत असतं. उभ्या हालचालीतून येते ती नुसती खसखस, आणि डावा-उजवा दोन्ही चॅनल जोडले की तीच कटते.

प्रश्नकर्ता
बटण होतं. इतकी वर्षं ते कशासाठी आहे हेच माहीत नव्हतं.