न्यू इंग्लिश स्कूलच्या पगाराबद्दल थोडं

टिळक आणि आगरकरांनी १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल काढलं असं म्हटलं जातं, त्यात थोडी भर. जानेवारीत बुधवार पेठेत शाळा उघडली तेव्हा आगरकर अजून एम.ए.च्या अभ्यासात होते. ते नंतर रुजू झाले. सुरुवातीची नावं म्हणजे विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि नेहमी विसरले जाणारे माधवराव नामजोशी. विष्णुशास्त्री तर सरकारी मास्तरकी सोडून आले होते. पुढे वामन शिवराम आपटेही आले, तेच संस्कृत-इंग्रजी कोशवाले.

पगाराची गोष्ट मात्र जास्त रंजक आहे. पहिलं वर्षभर टिळक आणि नामजोशींनी पगारच घेतला नाही म्हणतात. १८८४ ला शाळा चालवायला डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाल्यावर तिच्या आजीव सदस्यांना (म्हणजे संस्थेला वाहून घेतलेल्या शिक्षकांना) महिना ७५ रुपयांच्या आसपास मिळायचे. बाहेर कमाई करायची की नाही, यावरून मग जी जुंपली (आगरकरांशी वैचारिक खटके होतेच), त्यात टिळक १८९० मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले. लोक हे सगळं ‘सुधारणावाद विरुद्ध सनातनी’ एवढ्यावर उरकतात, पण राजीनाम्यातला मोठा भाग या पैशाच्या शिस्तीबद्दलच आहे.