जिरो द इटालिया: मुलाबरोबर बघायची आहे, सुरुवात कुठून करू? (ठाणे)

नौपाडा_आई
माझा मुलगा नववीत जाईल आता. दर रविवारी पहाटे मित्रांबरोबर सायकल घेऊन येऊर चढतो. मेच्या सुट्टीत दोघांनी मिळून जिरो, म्हणजे इटलीतली ती मोठी सायकल शर्यत, बघायची असं ठरवलंय. मागे दोन दिवस लावली होती, पण काही उमगेना. रोज वेगळाच माणूस पहिला येतो आणि गुलाबी जर्सी भलत्याच्याच अंगावर! एकवीस टप्पे, रोज चार-पाच तास, एवढं बसणं काही जमायचं नाही. काय बघू, काय सोडू?

पामबीच_पहाटे
ताई, आधी जर्सीचं. रोज लागलेला वेळ बेरजेत धरतात. ज्याची बेरीज सगळ्यांत कमी, गुलाबी जर्सी त्याची. शर्यत १९०९ची, गुलाबी जर्सी १९३१पासून. ज्या वर्तमानपत्राने शर्यत सुरू केली, त्या 'गाझेत्ता देल्लो स्पोर्त'चा कागदच गुलाबी! टप्पा जिंकणं ही वेगळी कमाई.

दुसरं म्हणजे वारा. पामबीचवर वारा समोरून आला की एकट्याने माझा दम निघतो. तेच पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतर ठेवून लागलं की पाय हलके होतात. म्हणून सपाट दिवशी पेलोटोन, म्हणजे तो मोठा घोळका, कुणाला सहजी निसटू देत नाही. अशा दिवशी शेवटची वीस मिनिटं पुरेत. आपल्याकडे रात्री साडेआठच्या आसपास टप्पे संपतात, जेवणं त्याआधी उरका.

कळवा_ते_कसारा
वीस मिनिटं सपाट दिवसाला ठीक, पण डोंगराच्या दिवशी तसं करू नका! चढावर वेग उतरतो, मग दुसऱ्याच्या आडोशाचा फायदाही उतरतो आणि कोण किती पाण्यात आहे ते दिसतं. मुंबई-पुणे शर्यतीत 'घाटांचा राजा' असतो ना, तशी जिरोत निळी जर्सी.

माझा आग्रह एकच. मे यायच्या आधी दोन जुने टप्पे बघा, दोन्ही कोल्ले देल्ले फिनेस्त्रे या एकाच घाटाचे. साडेअठरा किलोमीटरचा चढ आणि वरचे आठेक किलोमीटर कच्ची वाट. २०१८मध्ये ब्रिटनच्या सायमन येट्सने तीन टप्पे जिंकले होते, तेरा दिवस गुलाबी जर्सी घातली होती. १९व्या टप्प्यात या घाटावर तो पार कोसळला, ३८ मिनिटांहून जास्त मागे पडला. त्याच दिवशी क्रिस फ्रूम ८० किलोमीटर एकटा पुढे निघून गेला आणि जिरो घेऊन गेला.

मग २०२५चा २०वा टप्पा लावा. तोच येट्स, तोच घाट. सकाळी एकूण वेळेत तो १ मिनिट २१ सेकंद मागे. गुलाबी जर्सी मेक्सिकोच्या २१ वर्षांच्या इसाक देल तोरोकडे, ४३ सेकंदांवर इक्वेडोरचा कारापाझ. हे दोघे एकमेकांवर नजर ठेवून राहिले आणि येट्स निघून गेला. संध्याकाळी तो ३ मिनिटं ५६ सेकंद पुढे! त्या जिरोत त्याने एकही टप्पा जिंकला नाही आणि जिरो जिंकली. तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं होतं.

पामबीच_पहाटे
पटलं. माझा सल्ला बदलतो: डोंगराचे चार-पाच दिवस शेवटचे दोन तास बघा. आणि एकट्याने घड्याळाविरुद्ध धावायचा टप्पा असतो तो सोडू नका, तिथे कुणाचा आडोसाच नाही.

नौपाडा_आई
काल रात्री दोन्ही बघितले. येट्सची टीम सांगायची राहिली की तुमची! घाट उतरल्यावर त्याचा साथीदार वाउट व्हान आर्ट पुढच्या गटातून मागे येऊन त्याच्यासाठी थांबला आणि खालच्या सपाट रस्त्यावर त्याला ओढत नेलं. चिरंजीव टीव्हीपुढे उभेच राहिले. आता एकच घोशा, "आई, पण व्हान आर्टला काय मिळालं?"

कळवा_ते_कसारा
त्याला सांगा, बक्षिसाचे पैसे टीममध्ये वाटून घ्यायची जुनी रीत आहे. आणि त्याच जिरोत ९व्या टप्प्यात, सिएनाच्या पांढऱ्या कच्च्या रस्त्यांवर, व्हान आर्टने देल तोरोलाच मागे टाकून टप्पा मारला होता. देल तोरोच्या अंगावर गुलाबी जर्सी आली ती त्याच संध्याकाळी. आज रात्री तो लावा.