मदत हवी आहे: मोठ्या भावाचं व्हॉल्व्ह आणि महाधमनीचं ऑपरेशन, मेकॅनिकल की टिश्यू?

नमस्कार, एरवी मी फक्त वाचते, लिहायची पहिलीच वेळ आहे, त्यामुळे पुढेमागे झालं तर सांभाळून घ्या.

माझा मोठा भाऊ, वय ५२. सहा महिने झाले, जिना चढला की त्याला धाप लागायची, तो म्हणायचा वजन वाढलंय, आम्हीही तेच धरून चाललो. महिन्याभरापूर्वी भरभर चालताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि रस्त्यातच खाली बसला, शुद्ध गेली नाही पण वहिनी खूप घाबरली आणि दुसऱ्याच दिवशी टूडी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केला. त्यात निघालं की त्याचा एओर्टिक व्हॉल्व्ह (हृदयातून महाधमनीत, म्हणजे शरीरातल्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीत, रक्त सोडणारी झडप) जन्मापासूनच दोन पाकळ्यांचा आहे, बायकस्पिड म्हणतात त्याला, बाकीच्यांना तीन असतात. आता त्यावर कॅल्शियम बसून तो इतका कडक झालाय की जेमतेम ०.८ चौरस सेंमी उघडतो, नॉर्मल ३ ते ४ असतो म्हणे. मीन ग्रेडियंट, म्हणजे व्हॉल्व्हच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक, ५२, आणि तिथून जाणाऱ्या रक्ताचा वेग ४.६. रिपोर्टवर सिव्हिअर स्टेनोसिस, म्हणजे व्हॉल्व्ह फारच अरुंद झालाय असं, लिहिलंय. बावन्न वर्षं हा माणूस पळाला, पोहला, ओझी उचलली आणि कोणाला पत्ता नाही.

आणि तेवढ्यावर थांबलं नाही. व्हॉल्व्हच्या वरची महाधमनीपण फुगलीये. एकोत ४.६ सेंमी होती, सिटी स्कॅनमध्ये ४.९ आली. आठ दिवसांत तीन मिलिमीटर वाढली का या विचाराने दोन रात्री झोप नाही.

दोन सर्जनना दाखवलं. पहिले म्हणाले बेन्टॉल करू, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याच्या लगतचा महाधमनीचा बुंधा (रूट) दोन्ही बदलू, मेकॅनिकल म्हणजे यांत्रिक व्हॉल्व्ह घालू, पुन्हा छाती उघडायला नको. दुसरे म्हणाले टिश्यू व्हॉल्व्ह (प्राण्याच्या ऊतीपासून केलेला) आणि वरती वेगळा ग्राफ्ट, म्हणजे कृत्रिम नळी, रूटला हात लावायची गरज नाही, तिथे ४.१ च आहे. दोघंही शांतपणे समजावून सांगणारे, दोघांवरही विश्वास बसतो, आणि तीच पंचाईत झालीये. दादा म्हणतो तू ठरव. मी कसं ठरवू? पायाच्या रक्तवाहिनीतून व्हॉल्व्ह बसवतात ते करता येणार नाही असं दोघंही म्हणाले, ते का हेही नीट कळलं नाही, तेव्हा विचारायचं सुचलं नाही. ज्यांच्या घरात हे होऊन गेलंय त्यांनी प्लीज लिहा.

प्रतिसाद १

ताई, आधी ते ४.६ आणि ४.९ डोक्यातून काढा. मी हार्टच्या ओटीत नर्स आहे, डॉक्टर नाही, पण हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. एकोला महाधमनीचा सगळा भाग नीट दिसत नाही, सिटीला दिसतो, शिवाय नळी तिरकी कापून मोजली तर आकडा मोठा येतो, म्हणून काटकोनात मोजलेला सिटीचा आकडा धरायचा. वाढ बघायची असेल तर सिटीची तुलना सिटीशीच करतात. आणि तुमच्या बाबतीत या फरकाने निर्णय बदलतच नाही. नुसती महाधमनी फुगलेली असती तर साधारण ५.५ ला ऑपरेशन सांगतात, काही जणांत ५ लाच. पण व्हॉल्व्हसाठी छाती उघडणारच आहेत तर ४.५ च्या पुढची महाधमनी त्याच वेळी बदलून टाकतात. म्हणजे ४.६ असो की ४.९, ती बदलायचीच.

पायातून का नाही तेही यातच आलं. त्याने फक्त व्हॉल्व्ह बसतो, फुगलेली नळी तशीच राहते. त्यात वय ५२, दोन पाकळ्यांच्या व्हॉल्व्हमध्ये कॅल्शियम एकसारखं बसलेलं नसतं त्यामुळे बाजूने गळती राहू शकते. ते तंत्र २००२ मध्ये सुरू झालं तेच मुळात ज्यांना ओपन झेपणार नाही अशांसाठी, आता बरंच पुढे गेलंय, पण तुमच्या दादांसाठी ओपनच बरोबर वाटतं.

दोन सर्जनमधला फरकही समजून घ्या. बेन्टॉलमध्ये व्हॉल्व्ह आणि डॅक्रॉनची (कृत्रिम कापडाची) नळी एकत्र जोडलेली असते, रूट पूर्ण काढतात आणि हृदयाला रक्त देणाऱ्या दोन्ही कोरोनरीची तोंडं बटणासारखी कापून नळीला शिवतात. १९६८ पासून होतंय हे ऑपरेशन, उगाच घाबरू नका. दुसऱ्या पद्धतीत कोरोनरी आहेत तिथेच राहतात, काम कमी, वेळ कमी. रूट फारसं फुगलेलं नसेल तर ते अगदी योग्य आहे. बेन्टॉल टिश्यू व्हॉल्व्ह घालूनही होतं बरं का, म्हणजे हे दोन वेगळे निर्णय आहेत, रूट काढायचं की ठेवायचं हा एक आणि व्हॉल्व्ह कुठला हा दुसरा. पहिला सर्जनवर सोडा, दुसरा तुमचा आणि दादांचा. स्वतःचाच व्हॉल्व्ह वाचवायचं ऑपरेशनही असतं, डेव्हिड म्हणतात, पण त्याला पाकळ्या मऊ लागतात, दादांच्या कडक झाल्यात.

प्रतिसाद २

मी स्वतः मेकॅनिकलवाला. ४८ व्या वर्षी बेन्टॉल झालं, आता नऊ वर्षं होतील. रोज वॉरफरिन, ही रक्त पातळ करायची गोळी, आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा तपासणीचा आकडा) २ ते ३ मध्ये ठेवायचा. पहिले तीन महिने जीव नकोसा झाला होता, कधी १.६ कधी ४, दर आठवड्याला सुई, नंतर बसली घडी, आता महिन्यातून एकदा. खाण्यात व्हिटॅमिन के (पालेभाज्यांत असतं ते) रोज साधारण सारखं राहिलं की झालं, बंद करायचं नसतं, हे मला कोणी लवकर सांगितलं असतं तर बरं झालं असतं. कुठलीही नवी गोळी, अगदी दुखण्यावरचीसुद्धा, विचारल्याशिवाय घेत नाही. दात काढायचा असला तरी आधी फोन करतो, तिथून जंतू व्हॉल्व्हवर जाऊन बसू शकतात म्हणून आधी अँटिबायोटिक घ्यावं लागतं. हे टिश्यूवाल्यांनाही लागू आहे.

नव्या रक्त पातळ करायच्या गोळ्या आल्यात ज्यांना आयएनआर लागत नाही, त्या मेकॅनिकलला चालत नाहीत. त्यातल्याच डॅबिगॅट्रान या गोळीची चाचणी मध्येच थांबवली होती कारण गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. कोणी 'आता वॉरफरिन लागत नाही' म्हणालं तर ऐकू नका.

रात्री शांतता असली की टिकटिक ऐकू येते. पहिल्यांदा त्रास झाला, आता ती ऐकू आली की बरं वाटतं, चाललंय सगळं असं. दादांना सरळ विचारा, गोळी न चुकवता घेणारा माणूस आहे का? कामात पडणं, कापणं, लागणं किती आहे? माझं टेबलावरचं काम आहे म्हणून मला जमलं.

प्रतिसाद ३

आईला ५४ व्या वर्षी टिश्यू बसवला होता, तिला पोटातल्या रक्तस्रावाचा जुना त्रास, त्यामुळे वॉरफरिन नकोच होतं. अकरा वर्षं सुंदर गेली. मग पुन्हा धाप लागायला लागली, एकोत व्हॉल्व्ह झिजलेला निघाला. टिश्यू साधारण १० ते १५ वर्षं चालतो, आणि वय जितकं कमी तितका लवकर जातो. दुसऱ्या वेळी मात्र जुन्या व्हॉल्व्हच्या आतच पायाच्या रक्तवाहिनीतून नवा बसवला, चौथ्या दिवशी घरी. पण हे प्रत्येकाला जमतं असं नाही, पहिला व्हॉल्व्ह लहान असला तर आत दुसरा बसवल्यावर जागाच उरत नाही. म्हणून टिश्यू घेणार असाल तर सर्जनना आत्ताच विचारा, कितव्या नंबरचा बसेल, आणि लहान बसत असेल तर रिंग (व्हॉल्व्ह बसवतात ती कडी) रुंद करून मोठा घालता येईल का.

ताई, एक राहिलं. तुमचा स्वतःचा एको झाला का? दोन पाकळ्यांचा व्हॉल्व्ह घराण्यात येतो, सख्ख्या भावंडांचा आणि मुलांचा एको करून घ्यायला सांगतात. माझा नॉर्मल आला, मामाचा नाही.

प्रतिसाद १ (पुन्हा)

हो, हे मीच लिहायला हवं होतं. आणि ऑपरेशन होईपर्यंत दादांना जड काही उचलू देऊ नका, श्वास रोखून जोर लावणं तर अजिबात नको, बीपी ताब्यात ठेवा. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन जातीची अँटिबायोटिक्स फुगलेल्या महाधमनीवाल्यांना शक्यतो देत नाहीत, २०१८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) तशी सूचनाच काढली होती, तेव्हा ताप-खोकल्यासाठी कोणाकडे गेलात तर महाधमनी फुगलीये हे पहिल्या वाक्यात सांगा. छातीत किंवा पाठीत अचानक फाटल्यासारखं दुखलं तर वाट बघायची नाही, थेट इमर्जन्सीत. अंधारी येऊन गेलीये म्हणजे निवड करण्यात दोन महिने घालवू नका, दोनपैकी कुठलाही व्हॉल्व्ह घेतला तरी तो न बदलण्यापेक्षा कितीतरी चांगला.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, रडत रडत वाचलं. काल रात्री मी, दादा आणि वहिनी बसलो आणि प्रतिसाद २ मधले प्रश्न मी त्याला जसेच्या तसे विचारले. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला गोळी मी एक दिवस चुकवणार नाही, पण दहा-बारा वर्षांनी पुन्हा हे सगळं माझ्याच्याने होणार नाही. म्हणजे मेकॅनिकल. मला इतके दिवस वाटत होतं मी ठरवायचंय, ते त्याचं ठरलेलंच होतं बहुतेक, कोणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या सर्जनना आज फोन केला, तेच ऑपरेशन मेकॅनिकल घालून करतील का विचारलं, हो म्हणाले. पुढच्या गुरुवारची तारीख मिळालीये, त्याआधी दातांची तपासणी आणि अँजिओग्राफी.

माझा आणि दादाच्या दोन्ही मुलांचा एको शनिवारी आहे. धाकटी १४ वर्षांची आहे, तिला काय सांगून न्यायचं हे कोणी केलं असेल तर सांगा, ती फार विचार करणारी आहे.