टॅमॉक्सिफेनसोबत दुसरी गोळी चालू असेल तर
टॅमॉक्सिफेन या स्तनाच्या कॅन्सरवरच्या गोळीमुळे होणाऱ्या गरम वाफा आणि चिडचिड 'सोसायचीच' असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. त्यावर औषधं आहेत, फक्त कोणतं ते बघून घ्यावं लागतं. टॅमॉक्सिफेनचं यकृतात एन्डॉक्सिफेन होतं आणि खरं काम मुख्यतः तेच करतं. हे ज्या एन्झाइममुळे घडतं, त्यालाच पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन या गरम वाफांवरही दिल्या जाणाऱ्या डिप्रेशनच्या गोळ्या अडवतात.

माझ्या मावशीला पॅरॉक्सेटिनच लिहून दिली होती. कॅन्सरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी बघताच ती हळूहळू बंद करून त्या एन्झाइमला फारसं न अडवणारी व्हेनलाफॅक्सिन ही गोळी सुरू केली. घामाने भिजलेला गाऊन मध्यरात्री उठून बदलायची तिची पाळी बरीच कमी झाली. कुणाची अशी गोळी चालू असेल तर मनाने एकदम थांबवू नका. पण पुढच्या तपासणीला सगळ्या चिठ्ठ्या, अगदी डोकेदुखीच्या गोळीचीसुद्धा, डॉक्टरांपुढे ठेवाच.