ऑनलाइन कोचिंगमध्ये मधला वेळ कॅमेरा बंदच ठेवावा, असं माझं मत आहे

तळ्याकाठी

सोलापुरात कोचिंग म्हटलं की बारावीचे क्लास डोळ्यासमोर येतात, म्हणून आधीच सांगतो. मी बोलतोय ते एकास एक कोचिंगबद्दल. कुणाला नोकरी बदलायची असते, कुणाला वडिलांचा कारखाना हाती घ्यायचा असतो, कुणाला चार लोकांत बोलायची भीती असते. आम्ही सल्ला देत नाही. प्रश्न विचारतो, ऐकतो, निर्णय त्याचा त्याने घ्यायचा. नवी पेठेतल्या एका खोलीत बसून मी हे काम बरीच वर्षं केलं. २०२० नंतर निम्म्याहून जास्त बैठका व्हिडिओवर गेल्या, कारण आपली पोरं पुण्याला आणि हैदराबादला.

सुरुवातीला मी खोलीतलं सगळं जसंच्या तसं स्क्रीनवर नेलं आणि तिथेच चुकलो. आमच्या कामात सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे प्रश्नानंतरची शांतता. खोलीत माणूस खिडकीबाहेर बघतो, तांब्यातलं पाणी ओतून घेतो, आणि मग खरं काय ते बोलतो. व्हिडिओवर पाच सेकंद गप्प बसलं की "हॅलो सर, आवाज येतोय ना?" एरवी बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भाग लागतो. त्यात नेटवर्क आपला उशीर मिसळतं. २०१४ च्या एका जर्मन अभ्यासात दिसलं होतं, की आवाज सेकंदभर उशिरा पोचला तर लोक लाइनला दोष देत नाहीत, समोरच्याचंच लक्ष नाही असं धरून चालतात.

स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ बैठकांच्या थकव्याची चार कारणं मांडली: चेहरा फार जवळ, स्वतःचंच रूप सतत समोर, हालचाल बंद, आणि हावभाव समजून घ्यायला व दाखवायला पडणारे जास्तीचे कष्ट. चारही कारणं कॅमेऱ्याशी बांधलेली आहेत. तेव्हा येल विद्यापीठात असलेल्या मायकेल क्राउस यांच्या २०१७ च्या प्रयोगांत तर नुसता आवाज ऐकणाऱ्यांनी समोरच्याच्या भावना जास्त अचूक ओळखल्या. एका प्रयोगात माणसांना उजेडात आणि अंधाऱ्या खोलीत बोलायला बसवलं होतं.

आता मी असं करतो. पहिली दहा मिनिटं कॅमेरा चालू. मग दोघांचाही बंद, फोन हातात, समोरचा गच्चीवर नाहीतर कंबर तलावाच्या कडेने चालत. शांतता आधी सांगून ठेवतो: "आता मी गप्प बसतो, फोन लागलेला आहे, घाई नाही." शेवटची पाच मिनिटं पुन्हा चेहरा. अशोक चौकाकडच्या एका मुलाच्या घरी तेलुगू बोलतात. सहा बैठका तो माझ्याशी नीटनेटक्या मराठीत बोलला. कॅमेरा बंद केला त्या दिवशी स्वतःशीच तेलुगूत बोलत राहिला, आणि थोड्या वेळाने म्हणाला, "सर, मला कारखाना नकोच आहे." तुम्हाला काय वाटतं?

सूतगिरणी

अजिबात पटलं नाही. मी एमआयडीसीतल्या कारखान्यांत सुपरवायझर लोकांबरोबर हेच काम करतो. माणूस "माझं ठीक चाललंय" म्हणतो तेव्हा त्याचा अंगठा तर्जनीवर घासत असतो, ते मला दिसतं. गळ्याशी लाली चढते, तीही दिसते. आवाज सांभाळायला माणूस लहानपणापासून शिकलेला असतो, हात सांभाळायला नाही.

क्राउस यांच्या प्रयोगांत दोन माणसं एकदा भेटली किंवा कुणीतरी ध्वनिफीत ऐकली. कोचिंग सहा-आठ महिने चालतं. त्यावरून इतकी मोठी उडी घेऊ नका. कॅमेरा जवळ येतो हे खरं, तर मग तो मागे सरकवा! लॅपटॉप टेबलाच्या पलीकडे ठेवा, कमरेपर्यंतचं अंग आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत. स्वतःचा चौकोन लपवायची सोय ॲपमध्येच असते. निम्मा त्रास तिथेच संपतो. तुम्ही दुखतंय म्हणून डोळेच बांधून घेताय.

रेशीमगाठ_७०

सूतगिरणींना पूर्ण अनुमोदन. कॅमेरा मागे घेतल्यावर माझ्याही बैठका सुधारल्या. तळ्याकाठींचं शांतता सांगून ठेवणं मात्र उद्यापासून सुरू करते.

अक्कलकोट_रोड

मी कोच नाही, पैसे भरून कोचिंग घेतलेला माणूस आहे. टॉवेलचा कारखाना आहे. माझ्या कोचनेही कॅमेरा बंद ठेवायची मुभा दिली होती. खरं सांगतो, त्या वेळात मी सुताच्या दराचे मेसेज बघायचो. "हं, बरोबर" म्हणायला कितीसं लक्ष लागतं? सर म्हणायचे, छान विचार करताय, घ्या वेळ. मी विचार करतच नव्हतो, गाडीच्या भाड्याचं उत्तर टाइप करत होतो.

चार महिने गेले. भावाबरोबरची वाटणी बोलायची होती, ती राहिली ती राहिलीच. त्या माणसाने एकदा जरी माझ्याकडे बघितलं असतं तर मला लपता आलं नसतं. आम्हाला पळवाट दिली की आम्ही पळतो, दादा.

तळ्याकाठी

अक्कलकोट रोड, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. हा धोका मी कमी धरला होता. माझ्याकडे चालायची अट असते, बसून कॅमेरा बंद करायचा नाही. चालताना टाइप करणं अवघड जातं. पण तुम्ही म्हणता ते नाकारत नाही. दर दहा मिनिटांनी "आत्ता जे म्हणालात ते तुमच्या शब्दांत परत सांगा" एवढं विचारलं असतं तरी तुमचे सर सावध झाले असते.

सूतगिरणी, हातांचं मान्य. पण ४० मिनिटं हलायचं नाही, चौकटीबाहेर जायचं नाही, हे तुमच्या सुपरवायझरला खोलीत तरी सांगाल का? खोलीत तो उठून फेरी मारतो. बंदी कॅमेऱ्याने आणली.

दोन_खोल्या

इथे सगळे पुरुष मोकळ्या गच्चीबद्दल आणि तळ्याबद्दल बोलत आहेत. मी साखर पेठेत राहते. घर दोन खोल्यांचं, माणसं सहा, शेजारी यंत्रमाग. संध्याकाळी सातला मी एकटी तळ्यावर फिरत फोनवर बोलत राहिले तर घरी आल्यावर जाब द्यावा लागतो. मला पुन्हा नोकरी सुरू करायची होती म्हणून एका बाईंकडे ऑनलाइन कोचिंग घेतलं. माझी अडचण अशी की मी जे बोलेन ते सासूबाईंना ऐकू जाणार.

त्या बाईंनी प्रश्नच बदलले. "शून्य ते दहा, मुलाखतीला जायची तयारी किती?" मी म्हणायचे, "चार." "पाचवर न्यायला काय लागेल ते वहीत लिहा आणि वही कॅमेऱ्याला दाखवा." घरातल्यांना नुसते आकडे ऐकू यायचे. कुणी आत आलं की मी डोक्यावरून पदर सारखा करायचे, त्या लगेच मुलांच्या अभ्यासाचं बोलायच्या. कॅमेरा नसता तर हे कसं जमलं असतं? आज मी नोकरीवर आहे.

तळ्याकाठी, तुमची पद्धत ज्याच्याकडे एकांत आहे त्याच्यासाठी चांगली आहे. आमच्यासाठी आवाजच धोक्याचा असतो.

सूतगिरणी

ताई, तुमच्या बाईंना माझा नमस्कार कळवा. वही दाखवण्याची युक्ती मी उद्याच वापरणार आहे. यंत्रमागाशेजारी ऐकू येण्याचा प्रश्न माझ्याही लोकांना आहेच.

तळ्याकाठी

दोन खोल्या, मी हे पाहिलंच नव्हतं. माझ्याकडे येणाऱ्या बायका कमी आहेत, आणि त्याचं कारण मी कधी शोधलं नाही. कदाचित पहिल्याच फोनवर "शांत जागा आहे ना?" असं विचारतो तिथेच त्या गळत असतील.

कॅमेरा बंद ठेवण्याचं माझं मत चालणाऱ्या माणसापुरतं कायम आहे. पण पहिला प्रश्न बदलतो: "तुम्ही कुठून बोलणार, आणि तिथे आणखी कोण असतं?"

अक्कलकोट_रोड

आणि तुमच्यासमोर काय उघडं आहे, हेही विचारा. मला कुणी विचारलं नव्हतं.