'डूम'साठी स्वतःचा पहिला नकाशा तयार करताना सुरुवात कोठून करावी?

प्रश्न

आयडी सॉफ्टवेअरचा 'डूम' हा राक्षसांवर गोळ्या झाडण्याचा संगणकीय खेळ मी महाविद्यालयात असताना खेळलो होतो आणि आता सवडीने पुन्हा खेळत आहे. १९९३ सालच्या या खेळासाठी लोक आजही नवे नकाशे आणि नवे राक्षस तयार करत आहेत हे पाहून आपणही एखादा नकाशा करून पाहावा असे मनात आले आहे. मला प्रोग्रामिंग येत नाही आणि चित्रकलाही बेताचीच आहे. मूळ खेळाच्या फाइलींना धक्का न लावता हे करता येते का, त्यासाठी कोणती साधने घ्यावीत, आणि पहिल्या खेपेस किती मोठे काम हाती घ्यावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मूळ फाइलींना हात लावण्याची मुळीच गरज नाही. खेळ चालवणारा प्रोग्राम एकीकडे, आणि नकाशे, चित्रे, आवाज, संगीत हा सगळा ऐवज दुसरीकडे, वॅड नावाच्या फाइलीत, अशी विभागणी 'डूम'मध्ये पहिल्यापासूनच केलेली आहे. मूळ खेळाच्या वॅडला आयवॅड म्हणतात आणि तुम्ही तयार कराल तिला पीवॅड. दोन्ही एकत्र चालवल्या की पीवॅडमध्ये ज्या नावाची वस्तू सापडेल ती मूळ वस्तूच्या जागी वापरली जाते. तुमच्या फाइलीत 'मॅप०१' असेल, तर 'डूम २' या पुढच्या भागातील पहिल्या नकाशाऐवजी तुमचा नकाशा सुरू होईल, आणि तुमची फाइल वगळली की मूळ खेळ जसाच्या तसा समोर येईल.

खेळ विकत घेतलेला असल्यास त्यातील आयवॅड वापरावी. केवळ पहिला भाग असलेली मोफत शेअरवेअर आवृत्ती या कामाची नाही, कारण मूळ प्रोग्राम तिच्यासोबत बाहेरची वॅड स्वीकारतच नाही. खेळ जवळ नसेल तर 'फ्रीडूम' घ्यावा; त्यातील चित्रे, आवाज व नकाशे हौशी मंडळींनी नव्याने तयार करून सर्वांना खुले केले आहेत. आयडीने डिसेंबर १९९७ मध्ये 'डूम'चा सोर्स कोड खुला केला आणि १९९९ मध्ये तो जीपीएल या मुक्त परवान्याखाली आणला, म्हणूनच आजच्या संगणकांवर खेळ चालवणारे सोर्स पोर्ट निर्माण होऊ शकले. त्यांपैकी जीझेडडूम नवशिक्यास सोयीचा आहे. नकाशा काढण्यासाठी विंडोजवर अल्टिमेट डूम बिल्डर घ्यावा. स्लेड हे साधन चित्रे व आवाज बदलताना लागते. ते सध्या राहू द्यावे.

आता मुख्य गोष्ट. 'डूम'चा नकाशा म्हणजे वरून पाहिलेला आराखडा असतो. बिंदूंना जोडणाऱ्या रेषांना लाइनडेफ म्हणतात, रेषांनी बंदिस्त झालेल्या जागेला सेक्टर म्हणतात, आणि खेळाडूचे आरंभस्थान, राक्षस, बंदुका, औषधे यांना थिंग म्हणतात. प्रत्येक सेक्टरला जमिनीची एक उंची, छताची एक उंची आणि ० ते २५५ यांमधील एक प्रकाशपातळी असते. मूळ खेळात एका खोलीवर दुसरी खोली का बांधता येत नाही, याचे कारण एवढेच आहे, आणि ही मर्यादा एकदा मनात पक्की बसली की पायऱ्या, खिडक्या, चौथरे, लिफ्ट यांची रचना आपोआप उलगडू लागते, कारण या सर्व गोष्टी म्हणजे वेगवेगळ्या उंचीचे शेजारी शेजारी ठेवलेले सेक्टरच असतात. खेळाडूची उंची ५६ एकक असते आणि तो जास्तीत जास्त २४ एककांची पायरी चढू शकतो. या दोन आकड्यांवर पुष्कळशा मोजमापांचा हिशेब चालतो.

पहिल्या नकाशात दोन खोल्या, त्यांना जोडणारा बोळ, एक दरवाजा आणि नकाशा संपवणारा एक स्विच एवढेच ठेवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. नवा नकाशा उघडताना यूडीएमएफ या नव्या, विस्तृत फॉरमॅटऐवजी साधा 'डूम २' फॉरमॅट निवडावा. यूडीएमएफमध्ये शक्यता अफाट आहेत, परंतु तेथे साध्या दरवाजालाही वेग व थांबण्याचा वेळ अशी वेगळी मूल्ये द्यावी लागतात. जुन्या फॉरमॅटमध्ये एक क्रमांक दिला की काम होते. प्रत्येक बदलानंतर एफ९ दाबून नकाशात प्रत्यक्ष चालून पाहावे.

प्रतिसाद २

वरील सर्व सूचना योग्य आहेत. त्यांत एकाच गोष्टीची भर घालतो. स्वतःची रेषा ओढण्यापूर्वी मूळ खेळाचा पहिला नकाशा, ई१एम१ (पहिल्या भागाचा पहिला नकाशा), नकाशा काढण्याच्या साधनात, म्हणजे संपादकात, उघडून पाहावा. तो खेळाच्या निर्मात्यांपैकी एक, जॉन रोमेरो यांनी रचला आहे. आरंभीच्याच खोलीतून खिडकीपलीकडचे अंगण आणि तेथील निळे चिलखत दिसते, परंतु तेथे पोहोचण्याची वाट गुप्त आहे आणि ती पुढे गेल्यावरच सापडते. खेळाडूला हवीशी वस्तू आधी दाखवून तिची वाट नंतर शोधायला लावणे ही युक्ती कोणत्याही तांत्रिक कौशल्याशिवाय जमण्यासारखी आहे, आणि तिने दोन खोल्यांचा नकाशाही खेळावासा वाटतो.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे दोन खोल्या आणि बोळ तयार झाला असून त्यात चालताही येते. दरवाजासाठी बोळात एक अरुंद सेक्टर केला, त्याचे छत जमिनीला टेकवले आणि त्याच्या पुढील व मागील रेषांना क्रिया क्रमांक १, म्हणजे दरवाजा उघडण्याची क्रिया, दिला. बोळाकडून दरवाजा व्यवस्थित उघडतो, परंतु पलीकडच्या खोलीतून तो उघडत नाही. शिवाय तो वर जाताना बाजूच्या भिंतींवरील चित्रही त्याच्याबरोबर वर सरकते. असे का होत असावे?

प्रतिसाद १ चे लेखक

दोन्ही अडचणी नेहमीच्या आहेत. क्रिया क्रमांक १ रेषेच्या मागच्या बाजूला असलेल्या सेक्टरला हलवतो, आणि ती रेषा तिच्या पुढच्या बाजूनेच वापरता येते. त्यामुळे दरवाजाच्या दोन्ही रेषांची पुढची बाजू दरवाजापासून बाहेर, म्हणजे खेळाडूकडे, असली पाहिजे. संपादकात प्रत्येक रेषेच्या मध्याशी एक छोटी दांडी दिसते, ती पुढची बाजू दाखवते. खोलीकडच्या रेषेची दांडी दरवाजाच्या आत वळलेली असणार. ती रेषा निवडून एफ ही कळ दाबल्यास दिशा उलटेल.

दुसऱ्या अडचणीचे कारण असे की, एकेरी, म्हणजे जिच्यामागे सेक्टर नाही अशा, भिंतीवरील चित्राची मांडणी एरवी छतापासून सुरू होते, आणि येथे छत म्हणजेच तुमचा दरवाजा असल्यामुळे तो हलला की चित्रही हलते. बाजूच्या दोन्ही रेषांना 'लोअर अनपेग्ड' ही खूण केल्यास चित्र जमिनीला धरून स्थिर राहील. त्या भिंतींवर 'डोअरट्रॅक' हे चित्र लावावे, ते त्यासाठीच केलेले आहे. दरवाजाच्या दर्शनी बाजूला 'बिगडोअर२' लावल्यास बोळाची रुंदी १२८ एकक ठेवावी, म्हणजे चित्र कापले जाणार नाही.

प्रतिसाद ३

नकाशा पूर्ण होऊन इतरांना देण्याची वेळ येईल तेव्हा केवळ आपली पीवॅड द्यावी. 'डूम'चा सोर्स कोड खुला असला तरी मूळ खेळाची आयवॅड खुली नाही, त्यामुळे ती सोबत जोडणे बेकायदेशीर ठरते. पीवॅडबरोबर एक साधी मजकूर फाइल ठेवून तिच्यात नकाशा कोणत्या आयवॅडवर चालतो, कोणत्या सोर्स पोर्टवर तपासला आहे आणि इतरांचे कोणते साहित्य वापरले आहे हे नमूद करावे. आणि राक्षस ठेवताना प्रत्येकाच्या काठिण्यपातळीच्या खुणा अवश्य भराव्यात, म्हणजे सोप्या पातळीवर खेळणाऱ्यास कमी राक्षस भेटतील. पुष्कळ नवे नकाशे या खुणा न भरल्यामुळेच नवख्या खेळाडूंना अर्ध्यावर सोडावे लागतात.