मदत हवी आहे: मामासाठी सेकंडहँड स्पोर्ट्स कार, मस्टँग, झेड-फोर की केमन? (नवी मुंबई)

करावेवाला
नमस्कार मंडळी, माझं गाड्यांचं ज्ञान स्विफ्टला सुरू होऊन स्विफ्टलाच संपतं म्हणून धागा काढतोय. उलव्याला माझा मामा आहे, वय ५७, साडेबारा टक्क्यातल्या (सिडकोने जमीन घेतली त्याबदल्यात मिळालेल्या) प्लॉटचे पैसे आलेत, घर बांधून झालं, दोन्ही पोरींची लग्नं झाली आणि आता त्याला स्पोर्ट्स कार पाहिजे. मामी यावर काहीच बोलत नाहीये, मामाच्या मते याचा अर्थ परवानगी आहे.

तीन गाड्या शॉर्टलिस्ट झाल्यात, तिन्ही वापरलेल्या. फोर्ड मस्टँग जीटी, बीएमडब्ल्यू झेड-फोर एम ४० आय आणि पोर्शे ७१८ केमन. मामाचा जीव मस्टँगवर, "मना ती घोऱ्याची गारी पायजे" एवढंच बोलतो (मस्टँगचं चिन्ह घोडा). मामेभावाला झेड-फोर पाहिजे कारण टप उघडतो. केमन माझी, का ते मलाही नीट सांगता येत नाही, मागून दिसते भारी.

किमतीचं, इन्शुरन्सचं मी बघतो, तो प्रश्न नाही. प्रश्न असा की प्रत्येक व्हिडिओत हँडलिंग हँडलिंग करतात पण ते नक्की काय असतं आणि पामबीच, अटल सेतू आणि उरणच्या कंटेनरांच्या मधून चालवताना ते मामाला कळणार आहे का? आणि डिझाइन ही फक्त आवडीनिवडीची गोष्ट का त्याचा चालवण्याशी काही संबंध येतो? जाणकारांनी प्लीज सांगा, रविवारी टोकन द्यायचा हट्ट आहे.

घाटातला
आधी मामांना दंडवत. मला पण असा मामा पाहिजे होता.

आता मुद्दा. हँडलिंग म्हणजे स्टिअरिंग फिरवलं की गाडी किती पटकन आणि भरवशाने वळते ते. तिन्ही गाड्यांना ताकद मागच्या चाकांना मिळते, फरक आहे तो इंजिन कुठे ठेवलंय यात, बाकीचं सगळं तिथूनच निघतं. मस्टँगमध्ये पाच लिटरचा व्ही-एट (आठ सिलिंडरचा) पुढे, झेड-फोरमध्ये तीन लिटरचा सहा सिलिंडर पुढेच पण बराच मागे सरकवलेला, म्हणून वजन पुढच्या मागच्या चाकांवर जवळपास निम्मं निम्मं पडतं. केमनमध्ये इंजिन तुमच्या पाठीमागे, मागच्या ॲक्सलच्या पुढे. कावड खांद्यावर घेऊन गर्रकन वळून बघा आणि तेवढंच वजन पाठीला बांधून वळा, मग कळेल. वजन टोकाला असलं की वळायला सुरुवात करताना पण वेळ लागतो आणि थांबवताना पण. केमन स्टिअरिंग हलवलं की लगेच वळते ती यामुळे. त्यात ते इंजिन आडवं पसरट, चार सिलिंडर, २.० लिटर टर्बो, ३०० पीएस (हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप), जमिनीच्या जवळ बसतं त्यामुळे गाडी कलंडत नाही. मागचे टायर २६५ चे आणि पुढचे २३५ चे असतात, तेही उगाच नाही.

पामबीचवर कळेल का? सरळ रस्त्यावर, कॅमेऱ्यांच्या खाली, नाही कळणार. किल्ल्याच्या सिग्नलला वळताना थोडं कळेल. लोणावळ्याच्या जुन्या घाटात पूर्ण कळेल, पण तिथे रविवारी सगळी मुंबई असते.

नेरूळची_मीनल
डिझाइन म्हणजे फक्त आवड का, या प्रश्नाचं उत्तर ऑडी टीटीने कधीच दिलंय. १९९८ साली पहिली टीटी आली तेव्हा जगभर कौतुक झालं, छप्पर मागे गोल उतरत जातं, कुठे एक रेघ जास्तीची नाही. पण तेच छप्पर जास्त वेगात मागची बाजू वर उचलायला लागलं, जर्मनीच्या ऑटोबानवर एकदम लेन बदलताना किंवा ॲक्सिलरेटर सोडताना गाड्या फिरल्या, माणसं गेली. मग ऑडीने गाड्या परत बोलावून मागे छोटा स्पॉयलर (हवेच्या जोराने मागची बाजू दाबून ठेवणारी पट्टी) लावला, सस्पेन्शन बदललं, ईएसपी (घसरणारी गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) दिलं. डिझायनर लोकांना तो स्पॉयलर डोळ्यात खुपला असेल, पण त्यानंतरची टीटीच शहाणी गाडी.

झेड-फोरचं पण तसंच आहे. आमच्या घरी आधीच्या पिढीतली होती, तिला दुमडणारा पत्र्याचा टप. दिसायला छान, पण उघडला की डिकीत जाऊन बसायचा आणि मग सामानाला जागाच नाही. नवीन पिढीला परत कापडी टप दिला, सगळ्यांनी नाकं मुरडली, पण वरचं वजन कमी झालं आणि डिकी टप उघडा असो का बंद, २८१ लिटरच राहते. व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) पण आधीपेक्षा कमी केला, चाकं बाहेर सरकवली. टोयोटा सुप्रा आणि ही एकाच सांगाड्यावरच्या, दोन्ही ऑस्ट्रियात ग्राझला एकाच कारखान्यात तयार झालेल्या. फक्त सुप्राला टप उघडत नाही आणि झेड-फोरला कायमचं छप्पर नाही.

जून ते सप्टेंबर मात्र टप उघडायचं नाव काढू नका. ऑक्टोबरमध्ये आणि मार्च ते मे उकाडा. उरले तीन चार महिने, त्यात उरण रोडची धूळ. मामेभावाला हे सांगा.

करावेवाला
मीनलताई, घाटातला भाऊ, खूप आभार. मामाला वाचून दाखवलं. त्याचा एकच प्रश्न, केमनचं बॉनेट उघडलं तर काय दिसेल?

घाटातला
डिकी. पुढे एक डिकी, मागे एक डिकी, इंजिन दिसतच नाही. ऑइल आणि कूलंट टाकायची झाकणं मागच्या डिकीत असतात, बस. इंजिन बघायला गाडी वर्कशॉपला न्यावी लागते.

करावेवाला
मग मामा नाराज होणार, त्याला बॉनेट उघडून गावात दाखवायचंय 😄

व्ही८_जिंदाबाद
सगळे केमन केमन करतायत म्हणून लिहितो. मस्टँगला लोक सरळ रेषेतली गाडी म्हणून हिणवतात ते जुनं झालं. २०१४ पर्यंतच्या बहुतेक मस्टँगला मागे अखंड ॲक्सल (दोन्ही चाकं जोडणारा एकच दांडा) होता, एका चाकाखाली खड्डा आला की दुसरं पण हलायचं. भारतात २०१६ ला अधिकृतपणे आली ती सहावी पिढी, तिला मागे इंडिपेंडंट (प्रत्येक चाकाचं वेगळं) सस्पेन्शन आहे आणि कारखान्यातूनच उजव्या हाताचं स्टिअरिंग देणारी पहिली मस्टँग पण तीच. ४०० च्या आसपास पीएस आणि तो आवाज. केमनच्या चार सिलिंडरचा आवाज ऐका एकदा, पोर्शेचे भक्त सुद्धा त्यावर रुसलेले. शेवटी त्यांना २०२० मध्ये सहा सिलिंडरची जीटीएस ४.० आणावी लागली, ती मामाच्या बजेटमध्ये बसत असेल तर मी माझे शब्द मागे घेतो.

आणि एक, मस्टँगला मागे दोन सीट आहेत. छोट्या आहेत पण आहेत. बाकी दोन्हींत माणसं दोनच. मामींना हे सांगितलंय का?

नेरूळची_मीनल
मान्य, पण मस्टँगमध्ये आकार आधी आणि मेकॅनिक्स नंतर हे पहिल्यापासून आहे. १९६४ ची पहिली मस्टँग आतून फोर्डची साधी फाल्कनच होती, वर लांब बॉनेट आणि आखूड शेपूट चढवली आणि लोक वेडे झाले. त्यात वाईट काही नाही, मलाही ते मागचे तीन तीन उभे दिवे आवडतात. पण केमनमध्ये मागचे फुगीर खांदे आहेत ते रुंद टायर झाकायला आहेत आणि दाराच्या मागे कडेला ज्या खाचा कापल्यात ते इंजिनला हवा द्यायला. करावेवाला, तुम्हाला मागून भारी दिसते ना, ते यामुळे.

पार्किंगवाला_काका
तुम्ही सगळे घाटात पोचलात, मी अजून स्पीडब्रेकरवरच आहे. नुसता ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा बघू नका, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर बघा. मस्टँगचा व्हीलबेस २७२० मिमी, केमनचा २४७५, झेड-फोरचा २४७०. पुढचं चाक ब्रेकर उतरलं आणि मागचं अजून चढायचं आहे, त्या क्षणी गाडीचं पोट ब्रेकरवर येतं, आणि व्हीलबेस जेवढा लांब तेवढं पोट खाली. मस्टँग आपल्याकडे घासते ती नाकाने नाही, पोटाने. उलव्याच्या सेक्टरांमधले ते हाताने थापलेले ब्रेकर बघितलेत का? तिरकी काढायची, एक एक चाक करून, मागून रिक्षावाला शिव्या घालत असतो तो वेगळा.

शिवाय मस्टँग ४.७८ मीटर लांब आणि आरसे सोडून १.९ मीटर रुंद. मामांचं घर स्वतःचं आहे म्हणून ठीक, सोसायटीच्या स्टॅक पार्किंगमध्ये विसरा. फोर्डने २०२१ साली इथलं उत्पादन बंद करायचं ठरवलं, सर्व्हिस मिळते म्हणतात पण मस्टँगचा पार्ट लागला की किती दिवस, हे आधी विचारून घ्या.

आणि वय ५७ ना? मग हँडलिंगच्या आधी गुडघे. प्रत्येक गाडीत पाच वेळा बसून उठायला सांगा. झेड-फोरमध्ये टप उघडा ठेवून चढणं सोपं, केमनमध्ये डोकं आणि गुडघा एकदम सांभाळावा लागतो.

करावेवाला
काका, हे कोणीच सांगितलं नव्हतं. काल डीलरकडे जाऊन आलो. मस्टँगमध्ये मामा लगेच बसला आणि उतरायचं नाव घेईना. केमनमध्ये बसताना "आई गं" झालं, पण बसल्यावर गप्प झाला, स्टिअरिंग धरून समोरच्या चाकांवरचे उंचवटे बघत बसला, म्हणाला गाडीचं नाक कुठे संपतं ते इथून कळतं. झेड-फोरमधून मात्र तसं काही कळेना, बॉनेट लांबच लांब. टेस्ट ड्राइव्हला त्यांनी फक्त सर्व्हिस रोडवर एक चक्कर दिली. मामीला मागच्या सीटचं सांगितलं, तिने पहिल्यांदा तोंड उघडलं, म्हणाली नात त्यात बसणार नाही, कुठल्याच गाडीत, आणि विषय संपला.

तर आता मस्टँग आणि केमन दोनच उरल्यात. रविवारचं टोकन पुढच्या आठवड्यावर ढकललंय.

घाटातला
बरं केलंत. टोकन द्यायच्या आधी दोन्ही गाड्या सेक्टरच्या आत, ब्रेकरवरून, मामांच्या हाताने चालवू द्या, डीलर नाही म्हणाला तर दुसरा डीलर. टायरवर चार आकडी कोड असतो, ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा. टायर सहा सात वर्षांचे असतील तर नक्षी शिल्लक असली तरी पावसात पकड नसते, आणि मागच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाडीला ते महागात पडतं. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा, टोकाला मातीची रेघ दिसली तर गाडी पाण्यात बुडून आलेली आहे, तिथूनच परत फिरा. आणि लिफ्टवर चढवून पोट बघा, मस्टँगचं तर नक्कीच.

करावेवाला
हो, लिफ्टचं डोक्यात आहे. डीलर म्हणतो आमच्या ओळखीच्या गॅरेजमध्येच न्या, ते मला पटत नाहीये. नेरूळ, उलवे किंवा पनवेल बाजूला इतक्या खालच्या गाड्या नीट चढवणारी लिफ्ट कुणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज.